ढगांआडच्या पऱ्हाटीपर्यंत पोचलेलं रडार

मृग लागला की यवतमाळ जिल्ह्यावर ढग उतरतात आणि पऱ्हाटी वाढते ती त्यांच्याच खाली. कॅमेऱ्याच्या उपग्रहाला तेव्हा फक्त ढग दिसतात. रडारच्या लहरी ढगांतून आरपार जातात, पण त्या लांब असल्यामुळे चित्र भरड येतं. ‘निसार’ या रडार-उपग्रहाची एक लहर 24 सेंटीमीटरची आहे. 747 किलोमीटर उंचीवरून 10 मीटरचा तपशील हवा, तर सरळ हिशेबाने सुमारे 18 किलोमीटर लांबीची अँटेना लागेल. ‘निसार’ची आहे 12 मीटरची.

यावरची युक्ती 1951 साली कार्ल वायली यांना सुचली. टायरसाठी ओळखल्या जाणाऱ्या गुडइयरच्या विमानविभागात, ॲरिझोनात ते काम करत. विमान सरकत असताना पुढच्या वस्तूकडून परतणाऱ्या लहरीची वारंवारता किंचित चढते, मागे पडलेल्या वस्तूची उतरते. हा फरक मोजला की एकाच झोतातल्या वस्तू सुट्या होतात. लहान अँटेनाने कापलेलं अंतरच तिची लांबी ठरतं.

पण एवढी आकडेमोड तेव्हाच्या संगणकांना झेपेना. मिशिगन विद्यापीठात एमेट लीथ आणि सहकाऱ्यांनी परतलेल्या लहरी फिल्मवर उतरवल्या आणि त्या फिल्ममधून, भिंगांच्या रांगेतून प्रकाश सोडला. गणित प्रकाशाने केलं! 1957 मध्ये चित्रं उमटली. 1960 मध्ये लेझर आला आणि पुढे याच कामाला लागला. या युक्तीच्या कुळातला मला सर्वांत देखणा वाटणारा टप्पा हाच.

मग लेझरने रेडिओलहरीचीच जागा घेतली. त्याची लहर ‘निसार’च्या लहरीहून सुमारे दीड लाख पट आखूड, त्यामुळे थोड्या हालचालीतही बारीक तपशील मिळतो. 2011 मध्ये विमानातून, सुमारे 1.6 किलोमीटरवरून, काही सेंटीमीटरचा तपशील टिपला गेला. मात्र विमानाची थरथरही लहरीच्या अंशापर्यंत मोजावी लागते, तापलेली हवा चित्र विसकटते आणि ढग तर लेझरला अडवतोच.

म्हणून खरिपातल्या यवतमाळला या कुळातली जुनी, भरड नजरच उपयोगाची. 30 जुलै 2025 रोजी श्रीहरिकोट्याहून सुटलेला ‘निसार’ दर 12 दिवसांनी त्याच मार्गावर परततो. पानांचा पसारा, झाडाची उंची, मातीतली ओल बदलली की परतणारी लहरही बदलते. ही माहिती सर्वांना मोफत खुली ठेवायचं धोरण आहे. अतिवृष्टीनंतरच्या पंचनाम्यात तिचा आधार घेतला जायलाच हवा.