गारगोटीचे घड्याळ

जबलपूर शहराच्या वेशीवर रिछाई ही औद्योगिक वसाहत आहे. अशा वसाहतींत दिवस उजाडतो तो पाळीने आणि मावळतो तोही पाळीनेच. कारखान्याच्या भिंतीवरचे घड्याळ आता बहुधा सेलवर चालणारे, क्वार्ट्झचे असते. त्याला किल्ली द्यावी लागत नाही; वर्षा-दोन वर्षांनी सेल बदलला की भागते. ते बिनचूक चालते आणि कदाचित म्हणूनच त्याकडे कोणी मायेने पाहत नाही. उलट, त्याच कारखान्यातून घरी परतणाऱ्या एखाद्या गृहस्थाच्या कपाटात वडिलांचे किल्लीचे मनगटी घड्याळ रुमालात गुंडाळून ठेवलेले आढळते. ते दिवसाकाठी अर्धे मिनिट मागे पडते. तरीही सणासुदीला ते हौसेने मनगटावर चढते. अचूक घड्याळाविषयी उदासीनता आणि चुकणाऱ्या घड्याळाविषयी ममता, असा हा विलक्षण न्याय आहे. घड्याळांच्या शौकिनांनी तर तो कित्येक वर्षे कसोशीने पाळला. त्यांचे मन क्वार्ट्झकडे कसे वळत गेले, हा अलीकडच्या इतिहासातील एक उद्बोधक अध्याय आहे.

वेळ मोजण्याचे साधन आणि माणसाचे मन यांचे नाते फार जुने आहे. महाराष्ट्रात विवाहाचा मुहूर्त साधण्यासाठी पाण्याने भरलेल्या घंगाळात तळाशी बारीक छिद्र असलेली वाटी सोडीत असत. वाटी भरून बुडाली की एक घटका झाली. घटका म्हणजे चोवीस मिनिटे. अशा साठ घटकांचे एक अहोरात्र. या साधनाजवळ कोणीतरी डोळ्यांत तेल घालून बसावे लागे. ‘घटका भरली’ हा शब्दप्रयोग त्या पाण्यातूनच भाषेत आला. पुढे लंबकाची आणि कमानीची घड्याळे आली, तरी रोज किल्ली देण्याच्या निमित्ताने माणसाचा हात यंत्राला लागतच राहिला. ममतेचे मूळ या हातात आहे.

वेळेवरचा हा जिव्हाळा नव्या अचूकतेच्या आड कसा येतो, हे पाहण्यास जबलपूरइतके योग्य ठिकाण क्वचित सापडेल. १८७० च्या मार्चमध्ये मुंबईहून आलेला लोहमार्ग येथे कलकत्त्याकडून आलेल्या लोहमार्गाला मिळाला. त्या काळी प्रत्येक शहर आपापल्या सूर्यावर चाले. मुंबई आणि कलकत्ता यांच्या वेळांत तासाहून थोडे अधिक अंतर होते. गाड्यांचे वेळापत्रक एकसूत्री व्हावे म्हणून रेल्वेने दोहोंच्या मधली मद्रास वेळ स्वीकारली. जबलपूरचे रेखांश मद्रासच्या रेखांशाच्या इतके जवळ आहेत की, येथील सूर्य आणि रेल्वेचे घड्याळ यांत जेमतेम मिनिटाचा फरक पडे. मुंबईत मात्र तोच फरक अर्ध्या तासाचा होता. १८८१ मध्ये मुंबई सरकारने कचेऱ्यांना मद्रास वेळ लावली, तेव्हा लोकांनी ती मनाने कधी स्वीकारली नाही आणि दोन वर्षांत तो हुकूम मागे घ्यावा लागला. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली. तरी मुंबईची स्थानिक वेळ विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तग धरून राहिली. नवी वेळ गणिताने सोयीची होती, परंतु ती आपली वाटत नव्हती. क्वार्ट्झच्या घड्याळावर पुढे हाच आक्षेप आला.

क्वार्ट्झ म्हणजे काही परका पदार्थ नव्हे. आपल्याकडे मुले जी पांढरी गारगोटी अंधारात एकमेकींवर घासून उजेड पाहतात, तीच ही. नदीच्या वाळूत चकाकणारा कणही बहुधा याच खनिजाचा असतो. १८८० मध्ये पॅरिस येथे झाक आणि पिएर क्यूरी या बंधूंनी दाखवून दिले की, विशिष्ट स्फटिकांवर दाब दिला असता त्यांत विद्युत्भार उत्पन्न होतो. याच्या उलट, विजेचा प्रवाह योजिला असता स्फटिक थरथरतो आणि ही थरथर अत्यंत नियमित असते. १९२७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत वॉरन मॅरिसन यांनी तिच्या आधारे पहिले घड्याळ बनविले. आजच्या सामान्य मनगटी घड्याळात चिमट्याच्या आकाराचा, प्रयोगशाळेत वाढविलेला एक लहानसा स्फटिक सेकंदास ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या पंधरा वेळा निम्मी केली की बरोबर एक उरतो, आणि त्या एका स्पंदनावर सेकंदकाटा एक पाऊल टाकतो. किल्लीच्या घड्याळातील डोलणारे चक्र सेकंदास पाच ते आठ झोके घेते. त्यामुळे एकाची चूक दिवसागणिक मोजावी लागते, तर दुसऱ्याची महिन्यागणिक मोजली तरी चालते.

२५ डिसेंबर १९६९ रोजी जपानच्या सेइको कंपनीने ‘अ‍ॅस्ट्रॉन’ हे पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ टोकियोत विक्रीस आणले. त्याची किंमत साडेचार लाख येन, म्हणजे त्या वेळच्या एका लहान मोटारीइतकी होती. नियतीचा खेळ असा की, अशा घड्याळाचा नमुना १९६७ मध्येच स्वित्झर्लंडमधील नशातेल येथे सिद्ध झाला होता. परंतु ज्यांचे वैभव चक्रांवर आणि कमानींवर उभे होते, त्यांना ते सोडवेना. १९७० मध्ये त्या देशात सुमारे नव्वद हजार लोक घड्याळांच्या धंद्यात होते. १९८० नंतरच्या काही वर्षांत ते तीस हजारांच्या घरात आले. गावेच्या गावे बेकार झाली.

शौकिनांचा राग समजून घेण्यासारखा होता. त्यांच्या दृष्टीने हे घड्याळ नव्हतेच. ती एक वस्तू होती, जी बिघडली की टाकून द्यावयाची. स्वस्त क्वार्ट्झ घड्याळांपुरता हा आक्षेप खराही होता. डोळ्याला भिंग लावून बसणाऱ्या, चिमट्याने केसासारखी कमान सरळ करणाऱ्या कारागिराला त्यांत काम उरले नाही. सेल आणि पट्टा बदलणे एवढ्यावरच त्याचे दुकान येऊन ठेपले. एका विद्येचा असा ऱ्हास झालेला पाहून कोणाचे मन विषण्ण होणार नाही?

भारतात या संघर्षाला वेगळे रूप आले. १९६१ मध्ये बंगळूर येथे एचएमटी या सरकारी कंपनीने जपानच्या सिटिझनच्या साहाय्याने मनगटी घड्याळे बनविण्यास आरंभ केला. ‘जनता’सारखे तिचे किल्लीचे घड्याळ लग्नात जावयाला आणि निवृत्तीच्या दिवशी कामगाराला आहेर म्हणून मिळू लागले. १९८४ मध्ये टाटा समूह आणि तमिळनाडूचे औद्योगिक विकास महामंडळ यांनी मिळून टायटन कंपनी स्थापिली. झर्क्सिस देसाई यांच्या नेतृत्वाखाली होसूरच्या कारखान्याने प्रारंभापासून क्वार्ट्झची कास धरली. एचएमटीनेही क्वार्ट्झ घड्याळे काढली, पण तिचा मुख्य भर किल्लीवरच राहिला. अखेर जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिची घड्याळ कंपनी बंद करण्यास संमती दिली. त्यानंतर एचएमटीची जुनी घड्याळे शौकीन हुडकून काढू लागले, हे ओघानेच आले.

आश्चर्य आहे ते पुढेच. त्याच शौकिनांच्या संग्रहांत हळूहळू क्वार्ट्झलाही जागा मिळू लागली. याचे पहिले कारण असे की, काळाने त्यालाही इतिहास दिला. २००४ मध्ये विद्युत अभियंत्यांच्या जागतिक संस्थेने अ‍ॅस्ट्रॉनची गणना आपल्या शास्त्रातील ऐतिहासिक टप्प्यांत केली. दुसरे कारण अधिक खोल आहे. क्वार्ट्झमध्येही कारागिरी असते, हे हळूहळू उमगत गेले. स्फटिक उष्णतेने आणि थंडीने किंचित मंदावतो. सेइकोने १९९३ मध्ये आपल्या उंची घड्याळांसाठी बनविलेल्या यंत्रात स्फटिक महिनोन्‌महिने मुरवून, निवडून घेतले जातात आणि तापमानाची चूक यंत्र स्वतःच दुरुस्त करते. वर्षाला दहा सेकंदांपलीकडे ते ढळत नाही. २०१९ मध्ये सिटिझनने वर्षाकाठी एका सेकंदाच्या आत राहणारे घड्याळ विक्रीस आणले. आणि २००२ मध्ये टायटनने ‘एज’ हे केवळ साडेतीन मिलिमीटर जाडीचे घड्याळ केले. त्यातील यंत्राची जाडी १.१५ मिलिमीटर आहे. एवढ्या पातळ जागेत सेल, स्फटिक आणि चाके बसविणाऱ्यांचे कसब भिंगाखालच्या कारागिरापेक्षा उणे कसे म्हणावे?

म्हणजे घड्याळातील माणसाचा हात नाहीसा झाला नव्हता. तो फक्त दृष्टीआड गेला होता. पूर्वी तो रोज सकाळी किल्ली देताना दिसे; आता तो स्फटिक निवडणाऱ्याच्या आणि यंत्राचा आराखडा आखणाऱ्याच्या ठायी असतो. तो दिसू लागताच शौकिनांची अढी सुटू लागली. यामुळे दुरुस्तीच्या पेठेत गेलेली भाकरी परत आली, असे मात्र नव्हे. ती किंमत मोजली गेली आहे, आणि नव्याचे कौतुक करताना तिचा विसर पडू नये.

रिछाईचा मध्यान्ह प्रमाणवेळेच्या घड्याळात बारा वाजून सुमारे दहा मिनिटांनी होतो. त्या दहा मिनिटांबद्दल आज कोणाची तक्रार नाही. एके काळी परकी वाटलेली वेळ आता घरची झाली आहे. भिंतीवरच्या त्या गारगोटीच्या घड्याळाचेही तसेच होत आहे. घंगाळातल्या वाटीजवळ जागत बसणाऱ्या जोश्याचे आणि त्याचे कुळ एकच आहे, एवढे ध्यानात आले की त्याच्याकडे पाहण्याची दृष्टी आपोआप बदलते.