द्राक्षाला पत्ता आहे, करवंदाला नाही

गेल्या आठवड्यात एका श्रोत्याचा मेसेज आला. "दादा, तुमच्या कर्जत-खालापूरची करवंदं, जांभळं सुकवून कोणी परदेशात का पाठवत नाही? क्रॅनबेरीच्या पाकिटाला केवढा भाव आहे बघा!" मी कर्जतचाच, पोटापाण्यासाठी कोड लिहितो. प्रश्न डोक्यात बसला. पण त्याचं उत्तर आधी सांगली जिल्ह्यात शोधावं लागतं, कारण महाराष्ट्राने सुकवलेली बेरी खरोखर मोठ्या प्रमाणावर विकली ती तिथे. बेदाणा हो! वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात द्राक्ष ही बेरीच.

तासगाव, कवठे महांकाळ, जतकडे फेब्रुवारी ते एप्रिल हवा कोरडी ठणठणीत असते. द्राक्षं डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवायची, म्हणजे सालीवरचा मेणचट थर सैल होतो, आणि शेडमध्ये जाळ्यांवर सावलीत पसरायची. दोनेक आठवड्यांत बेदाणा तयार. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो. मधेच अवकाळी पाऊस आला की माल काळा पडतो, बुरशी धरते. बुरशीतून ऑक्राटॉक्सिन नावाचं विष तयार होऊ शकतं. युरोपने २०२२ मध्ये बेदाण्यातली त्याची मर्यादा किलोमागे १० वरून ८ मायक्रोग्रॅमवर आणली.

आता त्या 'चार किलोचा एक किलो'कडे परत या. पाणी उडतं. पण जे औषध उडत नाही, मोडत नाही, ते चार किलोतलं एका किलोत गोळा होतं. म्हणजे ताज्या फळात जेमतेम पास होणारा माल सुकल्यावर नापास होऊ शकतो. सुकामेव्याची खरी गोष्ट शेडमध्ये नाही, बागेत सुरू होते.

हे आपण शिकलो ते ताज्या द्राक्षांनी खाल्लेल्या दोन फटक्यांतून. २००३ मध्ये नेदरलँड्सला गेलेल्या द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश सापडले आणि माल अडकला. मग अपेडाने औषधांच्या अंशांवर देखरेखीची योजना आणली, आणि पुण्याजवळ मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र त्यासाठी देशाची संदर्भ प्रयोगशाळा झालं. २००६ च्या सुमारास आलं 'ग्रेपनेट'. माझ्या धंद्याच्या दृष्टीने भारी प्रकरण. युरोपला जाणाऱ्या प्रत्येक बागेची नोंदणी, प्रयोगशाळेचा अहवाल ऑनलाइन, पॅकहाउस, पेटी, सगळं साखळीत. रॉटरडॅमला पेटीत गडबड निघाली तर मागे मागे जात थेट शेतकऱ्याच्या प्लॉटपर्यंत पोहोचता येतं. स्मार्टफोन खिशात यायच्या आधीची गोष्ट आहे ही, विसरू नका.

तरीही २०१० आलं. युरोपातल्या प्रयोगशाळांना आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड सापडलं. शेतकरी त्याला सीसीसी किंवा लिहोसिन म्हणतात. एप्रिल छाटणीनंतर वेलीची नुसती वाढ आवरून घड नीट धरावेत म्हणून मारायचं संजीवक. युरोपची मर्यादा होती किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे वीस टन द्राक्षांत एक ग्रॅम! कंटेनर बंदरांवर अडकले, भाव कोसळले, बागायतदार कर्जात गेले. आणि गंमत बघा, आपल्याकडचे अहवाल खोटे नव्हते. इथे तपासायच्या रसायनांच्या यादीत हे नावच नव्हतं. आमच्या भाषेत, सगळ्या टेस्ट पास, पण नेमकी ती टेस्ट कोणी लिहिलीच नव्हती. नंतर नाव यादीत आलं. शेतकऱ्याने लबाडी केली असं तेव्हा बरेच जण बोलले, मला ते पटत नाही. यादी करणाऱ्यांची चूक बागेवाल्याने फेडली.

मग आपलं करवंद? औषधाची भीती जवळपास नाही, जंगलात फवारतंय कोण. अडचण हवेची. करवंद पिकतं एप्रिल-मे मध्ये, तेव्हा सह्याद्रीच्या पायथ्याशी दमट उकाडा, आणि मागोमाग पाऊस. उघड्यावर सुकवलं तर आधी बुरशीच येईल. ड्रायर लागणार, धुवायला स्वच्छ पाणी लागणार, चिकाचं काहीतरी करावं लागणार. हे सगळं पैशाने सुटतं.

न सुटणारी गोष्ट वेगळी. ठाकर, कातकरी बाया पहाटे डोंगर चढून करवंदं आणतात, पाटी घेऊन स्टेशनवर, हायवेला बसतात. त्या फळाला प्लॉट नंबर नाही, सातबारा नाही. ग्रेपनेटसारख्या फॉर्ममध्ये पहिलाच रकाना रिकामा. आणि रिकामा रकाना कोण भरतो? गोळा करून नेणारा व्यापारी, स्वतःच्या नावाने.

ज्या २००६ साली ग्रेपनेटची सुरुवात होत होती, त्याच साली डिसेंबरमध्ये संसदेने वनहक्क कायदा केला. त्यात गौण वनोपजावर, म्हणजे करवंदावरही, तिथल्या आदिवासींची मालकी मान्य आहे. सामूहिक दावा मंजूर झाला की वाडीच्या नावाने जंगलाची हद्द कागदावर येते. आपल्या देशाच्या सेंद्रिय मानकांत जंगलातून गोळा केलेल्या मालाचीही सोय आहे, आणि त्याला लागतं काय? गोळा करण्याच्या क्षेत्राचा नकाशा आणि गोळा करणाऱ्यांची नावं. पलीकडे शहापूरला कातकरी तरुणांनी वनधन केंद्रातून गुळवेल मोठ्या आयुर्वेदिक कंपन्यांना विकली आहे, त्यामुळे हे स्वप्नरंजन नाही.

तेव्हा मेसेज पाठवणाऱ्या मित्रा, ड्रायरचं कोटेशन नंतर मागव. आधी ग्रामपंचायतीत जाऊन विचार, आपल्या वाडीचा सामूहिक वनहक्काचा दावा कुठे अडकलाय.