भिंतीवर कोणाचा इतिहास?

घराची भिंत ही आपल्या माणसांची पहिली शाळा. ज्यांना पाटी-पेन्सिल नाकारली त्यांना तसबिरीनं शिकवलं. काय शिकवायचं ते मात्र तसबीर छापणारानं ठरवलं. म्हणून घरात प्राचीन काळाचं चित्र लावणं ही निव्वळ सजावटीची गोष्ट नाही, मित्रांनो. खिळा कुठं ठोकायचा हे सुतार सांगेल. त्यावर कोण टांगायचं, हे आपणच ठरवायचं आहे.

ही रंगीत चित्रं घरात आली कुठून? १८७८ साली पुण्यात चित्रशाळा निघाली. ती काढणारांत विष्णुशास्त्री चिपळूणकर होते. निबंधमालेत जोतीरावांची टवाळी केली तेच चिपळूणकर. त्यांना नेमकं कळलं होतं की निबंध वाचणारे मूठभर, चित्र पाहणारे लाखो. मग १८९४ मध्ये राजा रविवर्मा यांनी मुंबईत शिळाछापाचा कारखाना घातला. पहिलं चित्र छापलं शकुंतलेच्या जन्माचं. पाठोपाठ लक्ष्मी आली, सरस्वती आली. पुराणातल्या बाया नऊवारी नेसून भिंतीवर उभ्या राहिल्या. माणसं म्हणू लागली, आपला प्राचीन काळ असाच होता. पुराणाचा इतिहास झाला तो असा, रंग चढवून, फ्रेम करून.

आता यातली गंमत बघा. देवळाचं दार आपल्याला बंद. २ मार्च १९३० ला नाशकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. पुढची काही वर्षं तो चालला, तरी दार उघडलं नाही. पण त्याच रामाची छापील तसबीर महारवाड्यात विकायला कुणाची आडकाठी नव्हती. देव बाटत होता तो देवळात. बाजारात पैसे मोजले की देवाला विटाळ नव्हता! असा दाराबाहेर ठेवणारा देव आपण आपल्याच पैशानं आपल्या दाराआत आणला.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली, दिली, आणि बावीस प्रतिज्ञा दिल्या. ब्रह्मा-विष्णू-महेशाला देव मानणार नाही, राम-कृष्णाला मानणार नाही, बुद्ध हा विष्णूचा अवतार हे खोटं आहे. त्यानंतर वस्त्यावस्त्यांतून तसबिरी उतरल्या, देव नदीत गेले. जगाच्या इतिहासात भिंतींची अशी झाडाझडती फार थोड्या वेळा झाली असेल. मोकळ्या भिंतीवर बुद्ध आला, बाबासाहेब आले. ते यायलाच पाहिजे होते.

पण पुढचा प्रश्न तिथंच आहे. प्राचीन काळातलं आणखी काय लावायचं?

रविवर्म्यांचा छापखाना पुढं लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. मळवलीच्या एका अंगाला कार्ल्याची लेणी, दुसऱ्या अंगाला भाज्याची. खाली मशिनवर पुराण छापलं जात होतं आणि वर डोंगरात खरा इतिहास दगडावर कोरलेला होता, जवळजवळ दोन हजार वर्षांपासून. खालचा कागद घरोघर गेला. वरचा दगड आपल्यातल्या कितीजणांनी वाचला?

कार्ल्याच्या चैत्यावर ब्राह्मी अक्षरांत नावं आहेत. त्यात धेनुकाकट गावचा एक सुतार आहे. नाव सामी, वेणुवासाचा मुलगा. दर्शनी दाराचं काम त्यानं केलं. हाताला घट्टे पडलेल्या माणसाचं नाव, बापाच्या नावासकट, धंद्यासकट, दगडावर! धेनुकाकटाचा सुगंधी माल विकणारा सिंहदत्त आहे. खांब देणारे यवन आहेत. दान देणारी भिक्खुणी आहे. जुन्नरच्या लेण्यांत बांबूकाम करणारांच्या आणि कासारांच्या श्रेणी भेटतात. सांचीच्या दक्षिण तोरणावर लिहिलंय की हे कोरीवकाम विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी केलं. मनुस्मृतीनं ज्यांना फक्त सेवा करा म्हटलं, ते हात इथं आपली सही करून गेलेत.

इथं एक सांभाळायला पाहिजे. सामी सुतार आपला पूर्वज होता असं ठोकून द्यायचं नाही. त्याला पुरावा नाही. आणि सगळं तेव्हा सोन्याचं होतं असंही नाही. कार्ल्यातच नहपानाचा जावई उषवदात भिक्खूंसाठी गाव दान देतो, आणि त्याच लेखात ब्राह्मणांना गाई आणि गावं दिल्याची फुशारकीही मारतो. गाव दान दिलं म्हणजे गावच्या राबणारांचा घाम दान दिला. हेही मुलांना सांगायचं. त्यांच्या भाकडकथेला उत्तर आपली भाकडकथा नव्हे. ते इतिहास रंगवतात, आपण वाचायचा.

कसा वाचायचा ते भारहुतच्या कारागिरांनी दाखवून ठेवलंय. १८७३ मध्ये कनिंगहॅमला भारहुतचा स्तूप सापडला, त्याचे कठडे कलकत्त्याच्या म्युझियममध्ये आहेत. तिथल्या कितीतरी दृश्यांवर कारागिरांनी नावं कोरलीत. अनाथपिंडिक जेतवन विकत घेतोय, जमिनीवर नाणी पसरलीत, बैलगाडी सुटलीय, आणि हे दृश्य कशाचं ते शेजारी लिहिलंय. चित्र पाहा आणि समजून घ्या, असा त्यांचा रोख.

नाव नसलेल्या चित्राचा देव व्हायला वेळ लागत नाही. अजिंठ्याचा पद्मपाणी आज बड्यांच्या दिवाणखान्यात सोफ्याला मॅचिंग म्हणून लटकतोय. कोणत्या धम्मातला, कोणत्या लेण्यातला, विचाराल तर पत्ता नाही. आणि आपल्याकडं? बुद्धापुढं उदबत्ती, हार, नवस. तसबीर बदलली, डोकं तेच राहिलं, तर छप्पन साली नदीत काय सोडलं?

तेव्हा आपापल्या वस्तीत एवढं करू या. कार्ल्याच्या दाराचं, सांचीच्या तोरणाचं, भारहुतच्या जेतवनाचं चित्र मिळवा. साधं काळं-पांढरं असलं तरी चालेल. खाली मोठ्या अक्षरात लिहा: कुठलं, कधीचं, कुणी घडवलं. देव्हाऱ्याच्या उंचीवर नको, लेकराच्या नजरेच्या उंचीवर लावा. ते पोर हात जोडणार नाही, बोट ठेवून विचारील, हा सामी कोण?

त्याला उत्तर देता येईल एवढं आपण वाचू या.

जयभीम!