आवृत्ती : दादोबांचे व्याकरण आणि आपली उजळणी



मराठी व्याकरणाचा विषय निघाला की आपले लक्ष पुण्या-मुंबईकडे जाते. सुरतेकडे जात नाही. वस्तुतः ज्यांना ‘मराठी भाषेचे पाणिनी’ म्हणून गौरविले जाते, ते दादोबा पांडुरंग तर्खडकर (१८१४–१८८२) ऐन उमेदीच्या काळात याच शहरात शिक्षक होते. त्यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ साली प्रसिद्ध झाले. १८४० नंतर काही वर्षे त्यांनी सुरतेच्या इंग्रजी शाळेत अध्यापन केले आणि १८४४ मध्ये दुर्गाराम मेहताजी प्रभृतींसह येथे मानवधर्म सभा स्थापन केली. सुधारक दादोबांची ओळख इतिहासाने ठेवली आहे. मला आज त्यांच्यातील व्याकरणकार शिक्षकाकडे पाहावयाचे आहे.

दादोबांनी आपले पुस्तक एकदा लिहून हातावेगळे केले नाही. १८५० साली त्याची दुसरी आवृत्ती निघाली. १८६५ साली शाळांतील मुलांसाठी त्यांनी लघु व्याकरण रचले आणि १८८१ मध्ये, म्हणजे मृत्यूच्या आदल्या वर्षी, मूळ ग्रंथाला जोड म्हणून ‘पूरणिका’ लिहिली. पंचेचाळीस वर्षे ते याच विषयाकडे परत परत वळत राहिले. आपल्या भाषेत ‘आवृत्ती’ हा शब्द ग्रंथाच्या पुनर्मुद्रणालाही लावतात आणि पाठाच्या उजळणीलाही. व्याकरण लिहिणाऱ्याला ज्याची इतकी आवश्यकता वाटली, ते शिकणाऱ्या बारा वर्षांच्या मुलाला एकदाच सांगून कसे पुरेल?

आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होते. वेदपाठात पदपाठ, क्रमपाठ, जटा, घन अशा निरनिराळ्या क्रमांनी तीच पदे पुन्हा म्हटली जात. पंतोजींच्या शाळेतील आणि घरातील मुलेही तिन्हीसांजेला परवचा म्हणत. पाढे, पावकी, निमकी त्यात रोज येत. पुढे नव्या शिक्षणाने अर्थ न कळता केलेल्या घोकंपट्टीवर टीका केली, आणि ती रास्तच होती. परंतु घोकंपट्टीला हाकलताना आपण उजळणीलाही दाराबाहेर काढले. घोकंपट्टीत मूल तेच शब्द तोंडाने फिरविते. उजळणीत विसरू लागलेली गोष्ट ते स्वतः आठवून पाहते. हा भेद आपण पुरेसा ध्यानी घेतला नाही.

या भेदाला प्रयोगाचा आधार मिळाला तो जर्मनीत. हेर्मान एबिंगहाउस या संशोधकाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली स्मरणशक्तीवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. पाठ केलेले बरेचसे पहिल्या काही तासांतच निसटते, पुढे विसरण्याचा वेग मंदावतो, असे त्याला आढळले. निरर्थक अक्षरांच्या मालिका पाठ करताना एकाच दिवशी सलग केलेल्या ६८ आवृत्त्यांनी जे साधले, ते तीन दिवसांत विभागलेल्या ३८ आवृत्त्यांनी साधले. परीक्षेच्या आदल्या रात्रीच्या जागरणापेक्षा रोजची पाच मिनिटे का मोलाची, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

आता आपल्या पर्वत पाटियाकडे येऊ. पुण्यातील मूल व्याकरण विसरले तरी घरी, दुकानात, वर्तमानपत्रात ती भाषा त्याला पुन्हा भेटते. खानदेशातून कामधंद्यासाठी सुरतेत आलेल्या कुटुंबातील मुलाला ती सोय नाही. घरी अहिराणी, रस्त्यावर गुजराती, बाजारात हिंदी. गुजरातीत ‘घरमां’ म्हणतात, अहिराणीतही ‘घरमा’ म्हणतात. ‘घरात’ हे रूप त्याला बहुधा वर्गातच ऐकू येते. म्हणजे ‘घर’चे ‘घरा’ होणे, ज्याला आपण सामान्यरूप म्हणतो, तेच त्याच्या कानाला परके असते. ‘दूध’चे ‘दुधात’, ‘फूल’चे ‘फुलाला’ होताना दीर्घ ऊकार ऱ्हस्व होतो. शुद्धलेखनाचा हा नियमही सामान्यरूपावरच उभा आहे. ते निसटले की लेखनही निसटते. अहिराणी वा गुजराती यांत काही उणे आहे असे मी मुळीच म्हणत नाही. मुलाच्या त्या दोन्ही भाषा आहेतच; तिसरी गमावू नये, एवढेच.

व्याकरण हे साखळीसारखे आहे. पाचवीत लिंग-वचन, सहावीत सामान्यरूप व विभक्ती, आणि सातवी-आठवीत प्रयोग असा क्रम धरला, तर ‘मुलाने आंबा खाल्ला’, ‘मुलाने कैरी खाल्ली’, ‘मुलाने आंबे खाल्ले’ या वाक्यांत क्रियापद कर्माप्रमाणे का बदलते, हे लिंग-वचन विसरलेल्या मुलाला कसे कळावे? आपण म्हणतो, त्याला कर्मणी प्रयोग येत नाही. खरे तर त्याची मागची कडी तुटलेली असते. महानगरपालिकेची प्राथमिक शाळा आठवीपर्यंतच असते. पुढे ज्यांचे माध्यम बदलते, त्यांच्यासाठी मराठी व्याकरणाची हीच शेवटची वर्षे होत.

म्हणून माझी सूचना साधी आहे. मराठीच्या तासाला आरंभी पाच मिनिटे, पाच वाक्ये. एक कालच्या धड्यातले, एक गेल्या आठवड्याचे, एक गेल्या महिन्याचे, एक गेल्या इयत्तेचे आणि पाचवे मुलाने स्वतः रचलेले. पुस्तक मिटलेले असावे. चूक मुलानेच दुरुस्त करावी आणि कारण एका वाक्यात सांगावे. या वाक्यांना गुण देऊ नयेत. गुण आले की भीती येते, आणि भ्यालेले मूल आठवण्याऐवजी शेजाऱ्याच्या पाटीत डोकावते. यासाठी नवे पुस्तक नको, जादा तास नको. शिक्षकाजवळ मागच्या चुकांची एक वही मात्र हवी.

माजी विद्यार्थ्यांनी शाळेला देणग्या दिल्या, त्याबद्दल आपण कृतज्ञ आहोत. तथापि आठवड्यातून एक सायंकाळ आपल्या वस्तीतील चार मुलांसमवेत हा नव्या प्रकारचा परवचा म्हणावयास कोणी बसेल, तर ती देणगी मी अधिक मोठी मानीन. दादोबांनी ज्या शहरात अध्यापन केले, तेथे मराठी व्याकरण टिकविण्याची जबाबदारी आता आपल्याकडे आली आहे.