भिंतीवरचा गवा

कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातील संग्रहालयात शिकारीच्या मुंडक्यांपुढे उभा राहिलेला पाहुणा विचारतो, हे मारले कोणी? आम्हांस विचारावेसे वाटते, हे इतकी वर्षे भिंतीवर राहिले कसे?

आपण त्यांस ‘पेंढा भरलेले’ म्हणतो, म्हणून हलके समजतो. म्हैसूरच्या व्हॅन इंजेन यांचा कारखाना १९०० च्या सुमारास निघाला व १९९९ साली मिटला. तेथे कागदी लगद्याच्या साच्यावर कातडे चढवीत. परंतु गव्याची शिंगे खरीच, आणि सारा भार भिंतीपासून हातभर पुढे. त्यामुळे खिळा नुसता खाली खेचला जात नाही, बाहेरही उपसला जातो. गिलाव्यातला खिळा म्हणूनच फसवतो. गिलावा ओलांडून विटेत भोक पाडावे, सागाचा गट्टू ठोकावा व त्यात स्क्रू पिळावा, हीच जुनी सुतारी रीत. पाताळगंगेकाठच्या आपल्या रसायनीत लाकूड पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आटते. गट्टू सैल पडतो. तो दरसाल तपासावा. पावसाच्या माऱ्याची भिंत मुळातच टाळावी.

उतरविताना मात्र हातमोजे व मुखपट्टी हवी. कातड्यास सोमलाचा साबण चोळण्याची युक्ती अठराव्या शतकातील फ्रेंच गृहस्थ बेकूर यांची. ती जगभर पसरली, आणि ते विष शंभर वर्षांनीही कातड्यात असते. (रसायनांच्या गावाला हे काय सांगावे!)

शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अशा वस्तूस मालकीचा दाखला लागतो. आजोबांची बंदूक गेली, गवा राहिला. त्याचा दाखला घरात आहे का, हे खिळ्याआधी पाहावे.