जुन्या जर्मन मोटारींचे चढते मोल

नागपूरहून उत्तरेस निघालेला रस्ता सावनेरला दुभंगतो. एक वाट पांढुर्णा, मुलताई, बैतूल करीत भोपाळकडे जाते. दुसरी सौसर, रामाकोना ओलांडून छिंदवाड्याच्या पठारावर चढते. दोन्ही वाटांवर थोड्याच अंतरावर राज्याची सीमा लागते. घरांतील बोली तीच राहते, संत्र्याच्या बागाही त्याच राहतात. बदलतो तो मोटारींच्या पाटीवरील क्रमांक. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले आणि पांढुर्णा व सौसर हे मराठी मुलूख मध्य प्रदेशात राहिले. 2023 च्या ऑक्टोबरात या दोन तालुक्यांचा मिळून स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला. जुन्या जर्मन मोटारींच्या किमतींविषयी बोलताना ही भौगोलिक प्रस्तावना कशाला, असे श्रोत्यांस वाटेल. परंतु ज्या वस्तूचे मोल वाढत जाते तिला कोणती सीमा ओलांडावी लागते, हा त्या मोलाच्याच इतिहासाचा एक भाग असतो.

या मुलखाला जर्मन मोटारींची पहिली ओळख झाली ती सलून मोटारींतून नव्हे, तर मालमोटारींतून. 1954 साली टाटांच्या टेल्को कंपनीने जर्मनीच्या डाइम्लर-बेंझ कंपनीशी पंधरा वर्षांचा करार केला आणि जमशेदपूरला मालमोटारी तयार होऊ लागल्या. त्यांच्या तोंडावर वर्तुळातील तीन टोकांचा तारा असे. 1969 साली करार संपला, ताऱ्याच्या जागी टाटांचे अक्षर आले. पण देशभरच्या हमरस्त्यांवरील जुन्या चालकांच्या तोंडचे 'मर्सिडीज' हे नाव पुढेही बरीच वर्षे गेले नाही. श्रीमंतांच्या बंगल्याशी जोडले गेलेले हे नाव आपल्याकडे आधी ओझे वाहून आले, हे विसरता कामा नये.

तिकडे जर्मनीत त्याच सुमारास एक निराळीच कल्पना मूळ धरीत होती. वेगवान मोटार म्हणजे दोन आसनांची, बुटकी, पावसात गळणारी गाडी, हा युरोपातील रूढ समज होता. एरिख वाक्सेनबर्गर नावाच्या मर्सिडीजच्या अभियंत्याने राष्ट्रप्रमुखांसाठी बनविलेल्या अवजड '600' मोटारीचे आठ सिलिंडरांचे इंजिन एका चार दारांच्या सभ्य सलून मोटारीत बसवून पाहिले. त्यातून 1968 साली '300 एसईएल 6.3' ही मोटार बाजारात आली. बाहेरून पाहणाऱ्यास ती एखाद्या कारखानदाराची गाडी वाटावी. पण रस्त्यावर ती त्या काळच्या नामांकित शर्यती मोटारींस मागे टाकी. 1972 पर्यंत तिच्या साडेसहा हजारांवर प्रती निघाल्या. तिची वारस '6.9' तेलसंकटामुळे लांबली आणि 1975 साली आली. अशा मोटारीला पेट्रोल अतोनात लागे, म्हणून काही वर्षांतच त्यांच्या किमती कोसळल्या. एके काळी महालाच्या मोलाची असलेली गाडी जुन्या बाजारात साध्या नव्या गाडीपेक्षाही स्वस्त पडू लागली. शौकिनांच्या इतिहासातील हा पहिला विनोद होय, आणि तो पुढे वारंवार घडला.

ऐंशीच्या दशकात या प्रकाराला शर्यतींनी वेगळे वळण दिले. शर्यतीचा नियम असा होता की, जी मोटार मैदानात उतरवायची तिच्या ठरावीक प्रती सामान्य गिऱ्हाइकांसही विकल्या पाहिजेत. त्यामुळे कारखान्यांनी शर्यतीची गाडीच दिवे, आसने व काचा लावून बाजारात मांडली. मर्सिडीजची '190 ई 2.3-16' अशी होती. तिच्या इंजिनाचा माथा इंग्लंडच्या कॉसवर्थ कंपनीने घडविला होता. 1984 च्या मे महिन्यात नव्या न्युर्बुर्गरिंग मार्गाच्या उद्घाटनास नामवंत शर्यतपटूंना एकसारख्या अशा मोटारी देण्यात आल्या, आणि तेव्हा फारसा कोणास ठाऊक नसलेला आयर्टन सेना हा ब्राझीलचा तरुण निकी लाउडासारख्यांना मागे टाकून पहिला आला. बीएमडब्ल्यूने 1986 मध्ये 'एम 3' काढली. तिला दारे दोनच असली तरी अवतार सलूनचाच. मर्सिडीजने 1990 मध्ये तिला उत्तर म्हणून 'इव्होल्यूशन 2' काढली, तिच्या अवघ्या 502 प्रती झाल्या. नियमाला पाचशे पुरेशा होत्या. दुर्मिळतेचे हे मूळ कारखान्यातील कलावंतांत नसून नियमपुस्तिकेत होते, ही गोष्ट आज लिलावात हात वर करणाऱ्यांपैकी किती जणांच्या ध्यानात असते, कोण जाणे. या 502 पैकी काहींनी अलीकडे दोन लाख डॉलरांचा आकडा मागे टाकला आहे.

सर्वांत अधिक वाद मात्र '500 ई' या मोटारीवरून होतात. मर्सिडीजच्या मध्यम आकाराच्या सलूनमध्ये, म्हणजे कारखान्याच्या भाषेत 'डब्ल्यू 124' मध्ये, पाच लिटरचे आठ सिलिंडरी इंजिन बसवायचे ठरले. त्यासाठी चाकांवरील पत्रे रुंद करावे लागले, आणि रुंद झालेला सांगाडा सिंडेलफिंगेनच्या जोडणी-रांगेत मावेना. पोर्शे कंपनीकडे त्या वेळी काम कमी होते. तेव्हा सांगाडे पोर्शेच्या झुफेनहाउझेन येथील कारखान्यात जात, रंगासाठी परत येत, जोडणीसाठी पुन्हा जात. एक मोटार पुरी व्हावयास सुमारे अठरा दिवस लागत. 1995 पर्यंत अशा दहा हजारांवर मोटारी झाल्या. एक पक्ष म्हणतो की ही वेष पालटलेली पोर्शेच होय. दुसरा म्हणतो की पोर्शेने फक्त हात लावले, बुद्धी मर्सिडीजचीच. तिसरा एक मतप्रवाह असा की, हिशेबनिसांनी अभियंत्यांवर ताबा मिळविण्यापूर्वीची ही शेवटची मर्सिडीज. हे मत ऐकावयास गोड आहे. पण याच पिढीतील 1993 ते 1995 च्या मोटारींत विजेच्या तारांवरील आवरण उष्णतेने भुगा होऊन गळून पडते आणि इंजिन अकस्मात आजारी पडते, ही बाब ते सांगणारे सहसा पुढे आणीत नाहीत. जुनी मोटार घेणाऱ्याने आधी तारा पाहाव्यात, मग तारा पाहावा, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

किमती का चढल्या? जर्मनीत 1997 पासून तीस वर्षांवरील, मूळ रूपात राखलेल्या मोटारींस 'एच' अक्षराची वेगळी पाटी व करात सवलत मिळू लागली. अमेरिकेत पंचवीस वर्षे पुरी झालेली परदेशी मोटार नव्या सुरक्षानियमांच्या कचाट्याबाहेर जाते. ज्या वर्षी एखादी मोटार ही वयोमर्यादा गाठते, त्या वर्षी तिच्याभोवती नवे गिऱ्हाईक जमते. त्यात 2008 नंतर व्याजाचे दर तळाला गेले. पैशाला कोठेतरी जागा हवी होती. शिवाय शाळकरी वयात भिंतीवर ज्या मोटारीचे चित्र लावले ती विकत घेण्याची ऐपत पन्नाशीत येते, हा मनुष्यस्वभावही त्यात आहेच. परिणाम मात्र विपरीत झाला. ताशी अडीचशे किलोमीटर धावण्यासाठी जन्मलेल्या मोटारी वातानुकूलित गाळ्यांत झाकून ठेवल्या गेल्या, कारण प्रत्येक किलोमीटर किमतीतून वजा होतो. खरे शौकीन यावर नाराज आहेत, आणि ती नाराजी रास्त आहे.

भारतात हे वारे उशिरा आणि वेगळ्या वाटेने आले. स्वातंत्र्यानंतर परदेशी मोटारींची आयात जवळपास थांबली होती. वकिलातींच्या अधिकाऱ्यांनी आणलेल्या मोटारी स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात. जुन्या मर्सिडीजपैकी पुष्कळ याच दाराने देशात शिरल्या. मग 1994 मध्ये टेल्कोच्याच भागीदारीत नवी कंपनी निघाली, आणि 1995 साली पुण्याजवळ पिंपरीला 'डब्ल्यू 124' ची जोडणी सुरू झाली. जमशेदपूरच्या मालमोटारींवरून गेलेला तारा पंचवीस वर्षांनी मराठी मुलखात सलूनवर परतला. पिंपरीची 'ई 220' काही '500 ई' नव्हे. तिचे इंजिन चार सिलिंडरांचे, शक्ती दीडशे अश्वांच्या आसपास. पण सांगाडा त्याच वंशाचा, दारे मिटतानाचा आवाज तोच, आणि समोरची काच पुसणारा तो एकच लांब, आतबाहेर सरकत फिरणारा वायपरही तोच. कित्येक वर्षे ही मोटार नव्या लहान गाडीहून स्वस्त मिळे. आता चांगल्या स्थितीतील नमुने शोधावे लागतात, आणि मालक मागेल ती किंमत ऐकून घ्यावी लागते.

येथे कायद्याचा प्रश्न उभा राहतो. 2021 च्या नियमांनी पन्नास वर्षांवरील मूळ स्वरूपातील मोटारीस 'व्हिंटेज' मानले. तिला 'व्हीए' अक्षरांची पाटी मिळते, नोंदणीस 20,000 रुपये लागतात. 2025 पासून पन्नास वर्षे पुरी झालेली मोटार परदेशातून आणण्याचीही मुभा मिळाली. म्हणजे आता '6.3' भारतात येऊ शकते, अर्थात मोटारीच्या किमतीच्या दुपटीहून अधिक कर भरण्याची तयारी असल्यास. परंतु वीस ते पन्नास या वयातील मोटारींचे काय? 2025 च्या ऑगस्टमध्ये वीस वर्षांवरील मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाचे शुल्क 10,000 रुपये झाले, परदेशातून आणलेल्या मोटारीस 80,000. जिला जर्मनीत वारसा म्हणून सवलत मिळते, तिलाच येथे म्हातारपणाचा दंड पडतो.

आणि सावनेरच्या पुढे त्यात आणखी एक भर पडते. नागपुरात घेतलेली जुनी मोटार सौसरच्या अंगणात कायमची उभी करावयाची, तर नागपूरच्या परिवहन कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र हवे, मध्य प्रदेशाचा कर हवा, आणि बारा महिन्यांच्या आत 'एमपी' क्रमांक हवा. तिचा मिस्त्री नागपूरला, तिचे सुटे भाग पुण्या-मुंबईला, तिचे कागद छिंदवाड्याला. नागपूर ते सौसर हे अंतर सत्तर किलोमीटरांच्या आत आहे. जर्मन अभियंत्यांनी ज्या वेगासाठी ही मोटार घडविली, त्या वेगाने ते पाऊण तासाचेही नाही. पिंपरीच्या पहिल्या मोटारींस पन्नास वर्षे 2045 साली पुरी होतील. तोवर दर पाच वर्षांनी तपासणी, शुल्क आणि शिक्का. त्यांतील किती मोटारी तोपर्यंत भंगाराच्या तराजूत न जाता संत्र्याच्या बागांतून जाणाऱ्या त्या रस्त्यावर धावत राहतील, ते त्यांच्या मालकांच्या हौसेइतकेच या शिक्क्यांवरही अवलंबून आहे.