नेवाशाच्या दावणीवरची संकरित गाय

नेवासें म्हटलें कीं सुशिक्षित मनुष्याच्या डोळ्यांपुढें पैसाचा खांब उभा राहतो व शके १२१२ या सालाचें स्मरण होतें. तें योग्यच आहे. परंतु प्रवरेच्या कांठचें हें गांव ज्ञानेश्वरीहून पुष्कळच जुनें आहे. डॉ. हसमुख सांकळिया व त्यांचे सहकारी यांनीं १९५४ ते १९५६ या काळांत येथील टेकाड खणलें, तेव्हां सातवाहनकालीन थरांच्याही खालीं ताम्रपाषाणयुगांतील वस्ती लागली. याच नदीच्या वरच्या अंगास दायमाबाद येथें १९७४ सालीं कांशाचा एक रथ सांपडला. त्यास दोन बैल जुंपलेले असून मागें एक पुरुष उभा आहे. बैलाचा स्वभाव ओळखून त्याच्याकडून काम घेण्याची विद्या या खोऱ्यांत किती जुनी आहे, याचा अंदाज त्यावरून यावा. आतां मात्र नेवाशाच्या दावणीवर बहुधा काळीपांढरी, वशिंड नसलेली संकरित गाय दिसते. तिचा स्वभाव निराळा, आणि तिला वागविण्याची रीतही निराळी.

गंमत अशी कीं, देशी व विलायती रक्ताच्या या संकराचा मोठा प्रयोग परदेशांत आधीं झाला, व तोही उलट्या हेतूनें. अमेरिकेच्या दक्षिण भागांतील उष्ण हवेंत युरोपीय वंशाचीं गुरें गोचिडांच्या तापानें मरत. हा ताप गोचीडच पसरवितात, हें थिओबाल्ड स्मिथ व किलबोर्न यांनीं १८९३ सालीं सिद्ध केलें. हिंदुस्थानी जनावरांस गोचिडांचा उपद्रव त्या मानानें फार थोडा. लुइझियानांतील रिचर्ड बॅरो यास १८५४ सालीं इंग्रज सरकारकडून दोन हिंदुस्थानी वळू मिळाले होते. १९०६ सालीं टेक्सासच्या पिअर्स रँचनें आणखी गुरें नेलीं. गीर, कांकरेज, ओंगोल आणि आपल्याच सांगली-मिरजेकडील कृष्णाकांठची जात, यांच्या रक्तांतून तेथें जो वंश तयार झाला, त्यासाठीं १९२४ मध्यें संस्था निघाली व त्याचें नांव 'ब्राह्मन' असें ठरलें. पुढें किंग रँचनें ब्राह्मन व शॉर्टहॉर्न यांच्या संकरांतून सांता गर्त्रूदिस ही जात काढली. तिला १९४० मध्यें मान्यता मिळाली.

गोचिडांचा प्रश्न सुटला, पण तिकडे या संकरांची एक अपकीर्ति झाली. तीं बुजतात, कुंपणावर धडकतात, अंगावर येतात, असें गुराखी सांगूं लागले. दोष रक्ताचा कीं हाताचा? थोडा अंश रक्ताचा आहे, हें मान्य केलें पाहिजे. वशिंडाचें जनावर अधिक जागरूक असतें आणि खाल्लेला मार विसरत नाहीं. टेंपल ग्रँडिन व त्यांचे सहकारी यांनीं १९९७ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत ब्राह्मनचें रक्त असलेलीं गुरें इतरांहून अधिक बुजरीं आढळलीं; आणि जात कोणतीही असो, शांत जनावराचें वजन अधिक वाढतें, असेंही दिसून आलें. परंतु ज्या गुरानें मोकळ्या माळावर वाढावें, मनुष्याचें तोंड क्वचित् पहावें, आणि पहावें तेव्हां त्याच्या हातीं फांस किंवा तापलेली डागणी असावी, त्यानें मनुष्यास मित्र कां मानावें?

हेंच रक्त हिंदुस्थानांत दारांत वाढलें. मुलें त्याच्या पोटाखालून जात, बायका त्यास भाकरीचा तुकडा देत. खिलारीसारखी तापट जात घ्या. तिचा खोंड परक्यास जवळ येऊं देत नाहीं; पण धन्याच्या हांकेसरशी कान टवकारतो. अशा खोंडास कामास लावणें ही घाईची गोष्ट नव्हती. प्रथम म्होरकी, मग वेसण. मग एखाद्या पोक्त, गरीब बैलाच्या जोडीस त्यास जुंपावयाचें व रिकामें ओंडकें ओढवावयाचें. खरा शिक्षक तो म्हातारा बैलच असे. माणसानें कासरा सैल ठेवावा व तोंडानें बोलत रहावें, इतकेंच. मोटेवर तर परीक्षाच. भरली मोट ओढीत धावेवरून उतरावयाचें आणि रिकामी सोडतांना पाठमोरें वर चढावयाचें! जनावरानें न पाहतां मागें पाऊल टाकावें, एवढा विश्वास पराणीच्या टोंचणीनें उत्पन्न होत नाहीं. पोळ्याच्या आदल्या दिवशीं खांदे मळण्याची चाल आहे, तिच्याकडे केवळ धर्मकृत्य म्हणून पाहणारा मनुष्य तिचें अर्धेंच मर्म जाणतो. वर्षभर जुवानें घट्टे पडलेला तो खांदा धन्याच्या हाताखालीं येई, व कोठें दुखतें तें त्यास कळे.

दुधाकरितां संकर करण्याची मोठी चळवळ महाराष्ट्रांत मणिभाई देसाई यांनीं चालविली. गांधीजींनीं उरुळीकांचनचें काम ज्यांवर सोंपविलें, तेच हे. १९६७ सालीं त्यांनीं 'बायफ' ही संस्था स्थापिली, आणि गोठविलेल्या रेतानें गाय शेतकऱ्याच्या दारींच फळवण्याची सोय झाली. नेवाशाच्या शेजारीं राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठानें गीर, होल्स्टिन फ्रीजियन व जर्सी यांचें रक्त एकत्र करून 'फुले त्रिवेणी' निर्माण केली. आतां गांवांत वळू येतच नाहीं. द्रवरूप नत्रवायूच्या भांड्यांतून एक नळी तेवढी येते. विलायती दुभत्या जातींचे वळू मोठे घातकी असतात, तेव्हां ही सोय सुखाचीच म्हणावयाची.

स्वभावांतला मोठा फरक पान्ह्याचा. गावठी गाय वासरानें ढुसण्या दिल्यावांचून पान्हा सोडीत नाहीं. वासरूं मेलें तर त्याच्या कातड्यांत पेंढा भरून तें तिच्यापुढें ठेवीत, आणि ती तें चाटी. संकरित गाय कास धुतली कीं यंत्रासही दूध देते. म्हणून तिला कोणीहि हाताळावें, असें मात्र नाहीं. आरडाओरड झाली, कुत्रें अंगावर आलें, कीं तीही पान्हा चोरते. भयानें रक्तांत मिसळणारा स्राव दूध अडवितो. घोडेगांवच्या बाजारांत जाणता गिऱ्हाईक आधीं कासेला हात लावून पाहतो, तो उगाच नव्हे. अलीकडे 'मुक्त गोठा' करून गाई सुट्या ठेवतात. दाव्याची ओढ नसल्यानें त्या अधिक शांत राहतात. ऊन व गोचीड मात्र त्यांना सोसत नाहींत. जो गुण अमेरिकेनें येथून नेला, तोच या गाईंत उणा पडतो.

उरला गोऱ्हा. त्याचें वशिंड खुजें, जूं नीट बसत नाहीं, दुपारच्या उन्हांत त्याला धाप लागते. शिवाय नांगरटीस ट्रॅक्टर आहेच. २०१५ पासून महाराष्ट्रांत बैलाच्या कत्तलीसही बंदी आहे. कालवडीच व्हाव्या म्हणून निवडक रेत वापरूं लागले आहेत, पण तें महाग पडतें. तेव्हां दावणीच्या शेवटीं जो गोऱ्हा बांधलेला दिसतो, त्याला कोणी वेसण घालीत नाहीं, कोणी नांव ठेवीत नाहीं; आणि त्याला शिकविणारा म्हातारा बैलही गोठ्यांत उरलेला नाहीं.